जादूचं भारनियमन

इलोना अँड्र्यूज यांच्या ‘केट डॅनियल्स’ मालिकेतलं अटलांटा शहर खानदेशातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या शहरात जादू लाटेने येते आणि जाते. ती आली की वीज गेली, गाड्या ठप्प, फोन मुका, बंदुकीचा चाप ओढला तरी गोळी सुटत नाही. काचेच्या नळ्यांमधून निळसर उजेड पाझरायला लागतो, मंत्रांना धार चढते, आणि पुलाखाली, पडक्या इमारतींत जे जे दडून बसलेलं असतं ते बाहेर निघतं. मग कधी तासाभराने, कधी दोन दिवसांनी लाट ओसरते. लोक घाईघाईने फोन उरकतात, गाडी काढून बाजार करून येतात, कारण पुढची लाट कधी यायची ते कुणालाच ठाऊक नसतं. आमच्याकडे निदान वेळापत्रक असायचं, पेपरात छापून यायचं. ते पाळलं जायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

माझी शाळेची शेवटची वर्षं आणि अख्खं कॉलेज भारनियमनात गेलं. २००५ नंतरचा तो काळ ज्यांनी खेड्यात काढला त्यांना गटवारी आठवत असेल. ज्या भागात विजेची गळती जास्त आणि बिलाची वसुली कमी, त्या भागाला अंधार जास्त. आमचं गाव यावल तालुक्यात, तापीच्या उत्तरेला, चहूबाजूंनी केळी. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडायची. सगळं गाव काळंकुट्ट असताना दक्षिणेला, नदीपलीकडे, दीपनगरच्या धुरांड्यांवरचे लाल दिवे लुकलुकत असायचे. त्या औष्णिक केंद्रात आप्पा, म्हणजे माझे वडील, ऑपरेटर होते, २१० मेगावॅटच्या जुन्या संचावर त्यांची पाळी असायची. गल्लीतली पोरं मला विचारायची, “तुझे आप्पा लाईट बनवतात ना, मग येताना डब्यात घालून का नाही आणत?” आजी अमळनेरकडची, शेवटपर्यंत अहिराणीच बोलली. दिवसभर तिचा एकच प्रश्न, “लाईट उनी का व माय?”

अशा घरातून मी पुण्याला नोकरीला गेले, आणि तिथे खोलीतल्या मैत्रिणीच्या उशाशी कोपरे दुमडलेलं एक इंग्रजी पुस्तक दिसलं. मालिकेतलं तिसरं, ‘मॅजिक स्ट्राइक्स’. मागचं काही माहीत नसताना वाचायला घेतलं, तर त्यात खलनायक निघाले राक्षस. आपलेच. आपल्याकडचा राक्षस वेद शिकलेला असतो, वर मागताना एकेक शब्द तोलून मागतो, रावण तर स्तोत्रंही रचतो. अटलांटातले राक्षस मात्र आखाड्यात उतरून पैजेच्या मारामाऱ्या करतात, त्यापलीकडे त्यांना फारसं काही सुचत नाही. मी जरा नाराज झाले, पण पुस्तक खाली ठेवलं नाही. कारण या मालिकेत एक पांढरी वाघीण आहे, म्हणजे वाघीण होऊ शकणारी बाई, डोळ्यांनी अधू, जाड भिंगांच्या चष्म्याची, आणि शाकाहारी. माळकरी घरात वाढलेल्या मला ती ताबडतोब पटली.

इलोना अँड्र्यूज हे एका नवरा-बायकोचं मिळून घेतलेलं टोपणनाव. बायको मूळची रशियातली, त्यामुळे या अटलांटात रशियन लोककथांतले देव आणि पुजारी मोकाट फिरतात. पहिलं पुस्तक २००७ मध्ये आलं, दहावं आणि शेवटचं २०१८ मध्ये. या जातीच्या लेखनाला अर्बन फॅन्टसी म्हणतात, आणि त्याचा सगळा भर पत्त्यावर असतो. कुठल्याशा काल्पनिक राज्यात सैतान उभा करणं सोपं आहे. तो अमुक पेट्रोल पंपासमोर, तमुक बसस्टॉपच्या मागे उभा आहे असं सांगावं लागलं की लेखकाचा कस लागतो. शिकागोतला जादूगार, लंडनमधल्या कॅम्डनचा दुकानदार, लुइझियानातली वेट्रेस, ही सगळी माणसं आधी त्या त्या ठिकाणची आहेत, जादूची मागाहून.

त्यामुळे ही पुस्तकं वाचणाऱ्याला एक खोड लागते. तो ती लाट आपल्या गावात आणून बघतो. मी कित्येक रात्री आणली आहे. केटच्या जगात जादूच्या प्रवाहांच्या वाटा आहेत, त्यांच्यावरून माणसं आणि माल वेगाने जातो. म्हणजे भुसावळ तिथेही जंक्शनच राहणार. एक वाट नागपूरकडे, एक खंडवा-इटारसीकडे, आणि सावदा-रावेरची केळी तिच्यावरून दिल्लीला. जादूला उंच इमारतींचा राग आहे, ती त्यांचा हळूहळू भुगा करते, तेव्हा दीपनगरची धुरांडी पहिल्या काही वर्षांतच गेली असती. गाड्यांना तिथे पाण्यावर चालणारं जादूचं इंजिन बसवतात. ते सुरू करायला पाव तास मंत्र म्हणावे लागतात आणि सुरू झालं की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. आमच्या मळ्यातल्या जुन्या डिझेल इंजिनाला कुणी नावं ठेवली नसती. पिंपळावरचा मुंजा हा तर ठरलेलाच. आणि त्या जगाचा एक नियम असा, की लोकांची श्रद्धा जितकी दाट तितकं देवाला अंग येतं. दर सात वर्षांनी जादूचा मोठा भडका उडतो, तेव्हा देव खरोखर चालत येतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी तो भडका उडाला तर? कानबाई एका रात्रीसाठी बसते, सोमवारी तिचं विसर्जन. सव्वा-सव्वा मुठीने मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट समोर ठेवलेले, बायका गाणी म्हणताहेत, आणि नारळाला चढवलेल्या डोळ्यांनी ती वळून बघते. विसर्जनाला निघेल का ती मग? यावर एक चांगली कादंबरी होईल. कुणीतरी लिहावी, मला जमणार नाही.

आप्पांना मी एकदा ही लाटेची कल्पना सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “लाट गेली की लगेच लाईट येते? कशी येईल?” मग अर्धा तास माझी शिकवणी झाली. थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवायचा, वाफ दाबावर आणायची, टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर न्यायचं, मग ग्रिडशी सिंक करायचं, म्हणजे तिच्या तालाशी जुळवून जोडायचं, यात तासन्‌तास जातात. शिवाय संच चालू करायलाच आधी बाहेरची वीज लागते, कारण पाण्याचे पंप, हवेचे पंखे, कोळशाच्या मिल सगळं विजेवर. अख्खी ग्रिड बसली तर अगोदर एखादं जलविद्युत केंद्र उठवायचं आणि तिथून वीज ओढत ओढत आणायची. ३० जुलै २०१२ ला उत्तरेची ग्रिड बसली, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येलाही घेऊन पुन्हा बसली, ते दिवस त्यांना तोंडपाठ आहेत. “आणि कळव्याला विचारल्याशिवाय सिंक कोण करणार?” हा त्यांचा शेवटचा मुद्दा. कळव्याचं लोड डिस्पॅच सेंटर अटलांटात नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता खरी गोष्ट. लाटा, वाघिणी, राक्षस ही सजावट आहे. मालिकेचा कणा एका मुलीची आणि तिच्या बापाची भानगड आहे. केट सुरुवातीला भाडोत्री तलवारबाज म्हणून भेटते. फटकळ, कर्जबाजारी, एकटी. जखम झाली की बँडेज जाळून टाकते, कारण तिच्या रक्तावरून तिचं कूळ ओळखता येतं. तिचा बाप रोलंड हजारो वर्षांचा आहे. जगातून जादू ओसरली तेव्हा तो निजला आणि ती परतली तेव्हा उठला. तिला वाढवणाऱ्याने एकाच कामासाठी वाढवलं, बापाला मारण्यासाठी. पहिली सहा पुस्तकं हा बाप पडद्याआडच राहतो. सातव्यात समोर येतो तेव्हा तो विद्वान, देखणा, हौशी, मुलीवर जीव असलेला असा निघतो. मनोरे बांधायची त्याला भारी आवड. तो तिच्याशी गोड बोलतो, जावयाला टोमणे मारतो, आणि गरज पडली तर तिला ठार करायलाही तयार असतो. यातलं काहीच नाटक नाही, सगळं एकदम खरं. मी वाचलेल्या खलनायकांत इतका घरगुती दुसरा नाही.

हजारो वर्षांचा सिद्धपुरुष आणि त्याच्यापुढे उभी राहणारी पोर, हे खानदेशात कुणाला नवीन नाही. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. चौदाशे वर्षं जगलेला हा योगी वाघावर बसून, सापाचा आसूड घेऊन भावंडांना भेटायला निघाला ही कथा सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी त्याने ज्ञानेश्वरांना पत्र पाठवलं ते कोरंच, काय लिहावं सुचेना म्हणून. मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. पुढे तो तिचाच शिष्य झाला. आणि मुक्ताबाई १२९७ मध्ये याच तापीकाठी विजेच्या कडकडाटात लुप्त झाली असं सांगतात. माझ्या आजीला हे सांगताना मध्येच थांबायची सवय होती. वीज कडाडली, असं म्हणून ती पाणी प्यायची आणि आम्ही वाट बघत बसायचो. तेव्हा कळत नसे, आता वाटतं, तिला पुढे सांगायचंच काही नव्हतं. मुक्ताबाईची गोष्ट तिथे संपते. पण चांगदेवाची यात्रा महाशिवरात्रीला भरते, मुक्ताबाईची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, केळीच्या गाड्या त्याच रस्त्याने जातात.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मला मालिकांच्या शेवटच्या पुस्तकांबद्दल लागू करायचं आहे. शेवटच्या पुस्तकाने माणसाचा हिशेब मिटवावा. गावाला हात लावू नये. लाट थांबवायची, सगळ्या भुतांना मुक्ती द्यायची, जग पूर्ववत करायचं, हा मोह ज्या लेखकाला आवरत नाही तो मालिकेची सगळी वर्षं पाण्यात घालवतो. कारण वाचक इतकी वर्षं राहिला तो त्या गैरसोयीतच. ती काढून घेतली की त्याला परत जायला पत्ता उरत नाही.

‘मॅजिक ट्रायम्फ्स’ ऑगस्ट २०१८ मध्ये आलं. तोवर मी बदली घेऊन जळगावला आले होते. पुस्तक फोनवर उतरवून घेतलं आणि वाचायचं टाळत राहिले. शेवटी दिवाळीच्या आधी घरी गेले तेव्हा वाचलं. पाऊस दगा देऊन गेला होता, ऑक्टोबरच्या अखेरीस राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला ते वर्ष. आप्पा निवृत्त होऊन केळीत रमले होते. ते निवृत्त झाले त्याच सुमारास गावठाणातलं भारनियमन जवळजवळ आटोपलं होतं, तेव्हा आजी त्यांना म्हणाली होती, “तू घर उना नि लाईट बी उनी.” पण शेतीच्या विजेचा फेरा तसाच राहिला, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मी गेले तो आठवडा रात्रीचा होता. बिबट्याच्या बातम्या होत्या म्हणून त्यांना एकटं जाऊ द्यायला आई तयार नव्हती, म्हणून मी बरोबर. ते ठिबकचे व्हॉल्व्ह बदलत केळीत फिरायचे, अधूनमधून मोठ्याने खाकरायचे, म्हणजे मला कळावं कुठे आहेत ते, आणि बिबट्यालाही. मी पंपाच्या खोलीत बाजेवर बसून अटलांटा वाचायचे.

पुस्तकाची सुरुवात फार चांगली आहे. केटला आता जेमतेम वर्षाचं पोर आहे. तिच्याकडे एक पेटी येते. आत राख, एक गुलाब आणि एक सुरी. कुणाची राख, गुलाब कशाला, सुरी कुणासाठी? दहाव्या पुस्तकात, इतके राक्षस-दैत्य येऊन गेल्यावर, तीन वस्तूंनी भीती वाटायला लावणं सोपं नाही. बापही आहेच. नातवावर डोळा ठेवून आहे. आणि केट आता पूर्वीची भाडोत्री नाही. सातव्या पुस्तकात बापाच्या हाती जाऊ नये म्हणून तिने अटलांटा शहर आपल्या नावावर करून घेतलं होतं, जादूने, मातीसकट. तेव्हापासून शहरात कुठे काय चाललं आहे ते तिला अंगात जाणवतं, आणि आपलं आहे तर आपल्या म्हणण्याप्रमाणे चालावं, असंही वाटायला लागतं. नववं पुस्तक या वाटण्याशीच झगडण्यात गेलं. बापासारखं होऊ नये म्हणून केलेली गोष्टच बापासारखं करते, हा मालिकेतला सगळ्यात चांगला पेच.

आणि मग ती पेटी पाठवणारा समोर येतो आणि पुस्तक घसरतं. तो ड्रॅगन आहे. प्राचीन, अफाट, आग ओकणारा, आणि माझ्या मते बिनकामाचा. नऊ पुस्तकं बापाशी गाठ घालण्यासाठी तयारी करायची आणि दहाव्यात लढाईच्या मैदानाची अर्धी जागा कालपरवा आलेल्या पाहुण्याला द्यायची, हे कशासाठी? उत्तर समजतं. मोठा शत्रू आला की बाप आणि मुलगी एका बाजूला येतात, जुने वैरी एका पंगतीला बसतात, आतापर्यंत भेटलेल्या प्रत्येकाला आपापलं एकेक वाक्य मिळतं. वाक्यं मिळतातही. पण लग्नाच्या शेवटच्या दिवशी आहेर देण्यासाठी नावं पुकारतात तशी ती पात्रं एकेक येऊन जातात, आणि ज्यांच्यासाठी आपण मांडवात बसलो ते दोघं मागे राहतात.

तरी मी ते पुस्तक चांगलं म्हणते, कारण शेवटी लेखकद्वय मुद्द्यावर परत येतं. ड्रॅगनचं व्हायचं ते होतं, आणि मग उरतो तो बाप. त्याचा निकाल कसा लागतो ते सांगत नाही, वाचणाऱ्याचं वाचायचं राहू दे. एवढं सांगते, की तिथे तलवारीपेक्षा घरातल्या माणसांचं एकमेकांना ओळखणं जास्त कामाला येतं. मुलीला बापाची खोड ठाऊक असते. आणि जादूच्या लाटा? त्यांना कुणी हात लावत नाही. शेवटचं पान संपतं तेव्हाही अटलांटात वीज जाते-येते, उंच इमारती झिजताहेत, गाडी सुरू करायला पाव तास लागतो आहे. मालिका संपली आणि मी बाहेर आले. आप्पा तिसऱ्या व्हॉल्व्हवर होते. “आटोपलं?” त्यांनी विचारलं. पुस्तकाबद्दल विचारत होते, पण मला वाटलं पाण्याबद्दल, म्हणून मी म्हटलं, “अजून दोन ओळी राहिल्यात.”

दुसऱ्या मालिकांच्या शेवटाशी हे ताडून बघण्यासारखं आहे. शार्लेन हॅरिस यांची सूकी स्टॅकहाउस लुइझियानातल्या एका लहानशा, कल्पनेतल्या गावात राहते. म्हणायला अर्बन फॅन्टसी, पण बॉन टाँ हे गाव आमच्या फैजपूरएवढंही नसेल. २००१ ते २०१३ या काळात तेरा पुस्तकं झाली. सूकी पहिल्या पुस्तकात पंचवीस वर्षांची असते आणि तेराव्यातही तिची तिशी उलटलेली नसते. वाचक तेवढ्यात बारा वर्षांनी म्हातारे झाले होते, आणि बारा वर्षं ते भांडत होते की ही पोर शेवटी कुणाच्या पदरात पडणार, या व्हॅम्पायरच्या की त्या. लेखिकेने दोघांनाही बाजूला ठेवलं आणि गावातल्याच, पहिल्या पानापासून समोर असलेल्या माणसाकडे तिला वळवलं. त्यावर वाचक असे काही उसळले की लेखिकेला धमक्या आल्या.

मला तो शेवट पटतो. सूकीला लोकांच्या मनातलं ऐकू येतं, त्याचा तिला लहानपणापासून जाच आहे, आणि तिची सगळी धडपड आजीच्या घरात शांतपणे राहता यावं एवढ्यासाठीच होती. त्या जगात व्हॅम्पायरला बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही, आणि बोलावणं परतही घेता येतं. ते घेतलं की तो उलट्या पावली, इच्छा नसताना, दाराबाहेर फेकला जातो. तेराव्या पुस्तकात मला वाटतं वाचकांचंच बोलावणं परत घेतलं गेलं, म्हणून ते इतके चिडले. त्याच वर्षी हॅरिस यांनी आणखी एक पुस्तक काढलं, त्यात मालिकेतल्या पात्रांचं पुढे काय झालं ते अकारविल्हे दिलं आहे. कुणी लग्न केलं, कुणी मेलं, कुणी धंदा बदलला. हे मात्र करायला नको होतं. गावाच्या उंबऱ्यावर उभं राहून मतदार यादी वाचल्यासारखं झालं ते.

बेनेडिक्ट जाका यांचा अ‍ॅलेक्स व्हेरस याच्या उलट. कॅम्डनमध्ये जादूच्या वस्तूंचं दुकान चालवणारा हा गृहस्थ भविष्यं बघू शकतो, एक नाही, फाटे फुटलेली सगळी. २०१२ ते २०२१ मध्ये बारा पुस्तकं, मग पूर्णविराम, आणि लेखकाने २०२३ मध्ये सरळ नवी मालिका सुरू केली. मागे वळून बघणं नाही. शिस्त म्हणून मला हे आवडतं, वाचक म्हणून थोडं जिवावर येतं. शिकागोचा जादूगार, जिम बुचर यांचा हॅरी ड्रेस्डन, तर २००० सालापासून चालूच आहे, त्याच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

आणि केट? तिचे लेखक मागे वळले. २०२१ मध्ये केटने वाढवलेल्या मुलीवर एक पुस्तक आलं. २०२३ मध्ये खुद्द केटची दोन आली, नवऱ्या-मुलाला घेऊन ती अटलांटा सोडून समुद्रकाठी विल्मिंग्टनला राहायला गेलेली. ‘शेवटचं’ म्हणून ज्याच्यासाठी मी पंपाच्या खोलीत रात्र काढली त्याच्यानंतर ही दोन. फसवणूक वाटायला हवी होती. नाही वाटली. केटचा बापाशी असलेला हिशेब दहाव्यात मिटला तो मिटलाच, तो कुणी उकरून काढला नाही. नवीन घर, पडकी भिंत, शेजारी कोण, बाजार कुठे, यांतच तिला पुन्हा भेटायचं होतं. भेट म्हणून ठीक आहे. अटलांटाशिवाय मात्र तिचं बोलणं मला थोडं हलकं वाटलं, माहेरची बोली शहरात नेल्यावर वाटते तसं.

ज्याला शेवटचं पुस्तकच नाही असाही एक आमच्याकडे आहे. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या आत, अस्तंब्याचं शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमाराला तिथे यात्रा असते, लोक रात्रीतून डोंगर चढतात. तो डोंगर अश्वत्थाम्याचा. कपाळाच्या जखमेसाठी तो दऱ्याखोऱ्यांतून तेल मागत फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं म्हणतात. त्याला संपायची परवानगी नाही. मालिका संपू नये म्हणून हळहळणाऱ्या वाचकांना मी अस्तंब्याला जाऊन यायला सांगेन. संपणं ही पात्रावर केलेली दया असते, हे तिथे चढताना पटण्याची शक्यता आहे. निदान गुडघ्यांना तरी.

यंदा उन्हाळ्यात बहिणीची मुलगी आली होती, बारावी झालेली. तिने माझं कपाट उघडलं, केटची रांग बघितली आणि पहिलाच प्रश्न केला, “मावशी, ही पूर्ण झालीये ना? अर्धवट मालिका मी सुरूच करत नाही.” ही नवी पिढी शहाणी आहे, वाट बघायला तयार नाही. मी म्हटलं, दहा पुस्तकांत पूर्ण झाली आहे, मग थोडी उरली आहे. तिला हे उत्तर चाललं नाही. पूर्ण की अपूर्ण, एक काय ते सांग. शेवटी मी तिला सांगितलं की दहाव्यावर थांब, वर्षभराने वाटलं तर पुढे जा. आणि पहिलं पुस्तक कच्चं आहे, तिसऱ्यापासून सुरू कर, मागचं आपोआप कळतं. तिने ‘मॅजिक स्ट्राइक्स’ उचललं, आप्पांच्या आरामखुर्चीत जाऊन बसली, आणि जेवायच्या वेळेपर्यंत तिने बाराव्या पुस्तकाची किंमत फोनवर बघून ठेवली होती.